मध्यंतरानंतरचा सिनेमा

गुरुवार, दि. ९

प्रिय ताई,

अक्षर ओळखून दचकू नकोस. आपण बोलत नाही हे मला पाठ आहे. पण न बोलण्यात लिहिणं मोडत नाही, असं मी परस्पर ठरवलंय.

मी बरी आहे. स्वयंपाकघरातला नळ गळतो. प्लंबर रोज "उद्या नक्की" म्हणतो. मंत्री व्हायचा राहिला बिचारा.

मागच्या रविवारी एक जुना सिनेमा लागला होता. लष्करातले दोन वैमानिक, एकमेकांचे हाडवैरी, आणि टेलिफोनवर बसणारी एकच मुलगी. शत्रू राहिला बाजूला, दोघं एकमेकांवरच विमानं घालतात. लांबू म्हणाला, "मिशीवाला जिंकणार बघ." मी म्हटलं, "तुला काय त्याचं? तू झोपणार."

झोपायचाच तो. तुझा मित्र होता तेव्हाही झोपायचा, तूच सांगायचीस. मध्यंतरात खाऊन घ्यायचं, मग मान माझ्या खांद्यावर. दिवे लागले की मी उठवायचे आणि घरापर्यंत शेवट सांगत यायचे. वर तो चुका काढायचा.

रविवारीही मान आली. जरा जड वाटली. मी पूर्ण सिनेमा बघितला, ताई. हसलेसुद्धा. मुलगी मिशीवाल्याला मिळाली. दुसरा हात हलवत विमानात चढला नि गेला. कुठे गेला, जेवला का, कुणी विचारत नाही. मला तू आठवलीस. दिवे लागले. मी म्हटलं, "ऊठ, तुझा मिशीवाला जिंकला."

डॉक्टर म्हणाले, मध्यंतरानंतर लगेचच. त्रास झाला नसावा.

सगळं उरकलं. तुला कळवायला कुणी धजलं नाही, आणि फोनवर तुझा आवाज ऐकायचा मला धीर नव्हता. लोक येतात, माझ्या डोळ्यांकडे बघतात, कोरडे दिसले की हिरमुसतात. शेजारीण तर माझ्यासाठी इस्त्रीचा रुमाल घेऊन आली होती. घडी न मोडता परत नेला.

मला काहीच होत नाही. भूक लागते, झोप येते. कुणी विनोद केला तर तो कळतो.

इथे सगळे माझ्याशी फार गोड बोलतात. तू ये. दारातूनच सुरू कर: "माझ्याकडून नेलास ना, मग नीट सांभाळायचा होतास!" असं घालूनपाडून बोल. हे बोलायचा हक्क दुसऱ्या कुणाचा नाही, आणि त्याशिवाय मला रडू फुटायचं नाही.

पत्र फाडलंस तरी चालेल. फाडून झालं की निघ.

तुझ्याशी भांडायला एकटीच उरलेली,
धाकटी