पडद्यावर लागलेल्या झोपेबाबत

चिरंजीव धाकट्यास थोरल्याचे आशीर्वाद.

लिहून देणार तुझा सख्खा भाऊ, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी (उत्तीर्ण), हुद्दा नाट्यगृहाचा पडदेवाला, नोकरी एकेचाळीस वर्षे, डाग एकही नाही. म्हणजे गेल्या मंगळवारपर्यंत नव्हता. तुझा गुडघा कसा आहे ते कळवावे. तुझ्या मंडळींस आशीर्वाद.

मी पडद्याच्या दोरीवर झोपलो, ही बातमी तुला लागली असेलच, कारण आपली आक्का पोस्टापेक्षा जलद आहे. मी तसे लिहून दिले असून खाली सही केली आहे (अंगठा नव्हे). खरे काय घडले ते फक्त तुला कळवतो.

सध्या सुट्टीच्या हंगामानिमित्त आमच्याकडे चार मुलींच्या त्या गाजलेल्या गायनसंचाचे एकवीस दिवस, रोज दोन खेळ, असे कार्यक्रम चालू आहेत. चौघींची छायाचित्रे बिस्किटाच्या पुड्यावरदेखील आहेत, यावरून कीर्ती समजावी. पडदा वर जाताच समोरची हजार मुले अशी किंचाळतात, की गाणे ऐकू येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. (पहिल्या दिवशी आग लागली असे समजून मी पाण्याची बादली घेऊन रंगमंचावर गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो विषय संपला आहे.) मधोमध उभी राहणारीला सगळे चिमणी म्हणतात. ती रोज खेळाआधी माझ्या स्टुलाशी येऊन, "आजोबा, काल तरी एखादं गाणं ऐकू आलं का हो?" असे विचारी, व मी खोटे बोलत नसल्यामुळे नाही म्हणे.

मंगळवारी दुपारी तिसऱ्या गाण्याला तिचा आवाज बसला. समोर कोणालाच कळले नाही. तिघी गात राहिल्या, ही नुसते ओठ हलवीत राहिली, आणि डोळ्यांतून पाणी. त्यांच्या व्यवस्थापकाने पाचवी मुलगी तयार ठेवलेली आहे. ती रोज तसलाच झगा घालून विंगेत बसते. आवाज गेल्याचे त्याला कळते, तर चिमणी त्याच दिवशी घरी जाती. तो त्या वेळी बाहेर फोनवर होता. चिमणीने माझ्याकडे पाहिले.

पडदा घंटेवर पडतो. घंटेवाचून मी तो कधीही पाडलेला नाही (एका राजाची मिशी गळून पडली, तेव्हासुद्धा नाही). मी पाडला. मग लक्षात आले, की हा अर्ध्या तासात पुन्हा वर जाईल. म्हणून दोरी चाकावरून उतरवून तिचा दोन दिवस पुरेल असा गुंता केला. (ती मीच इतकी नीट बसवलेली, की उतरवताना मला घाम फुटला.) दोरी आपोआप निसटली म्हणावे, तर चाक बसवणारा सुतार गोत्यात येतो. म्हणून झोप, आणि झोपेत माझ्या हातून सुटलेली दोरी.

दोन दिवसांच्या विश्रांतीने तिचा आवाज परत आला. शुक्रवारपासून खेळ चालू आहेत. मला दोरीवरून काढून प्रेक्षकांच्या छत्र्या सांभाळायला बसवले आहे. भाजीवाली "आजोबा, जागे ना?" असे विचारून मगच तराजू उचलते. बाकी क्षेम.

ता. क. नाट्यगृहाचे मालक हुशार निघाले. "त्या किंकाळ्यांत मेलेला माणूस उठून बसेल, तुम्ही झोपलात कसे?" असे म्हणून ते सोमवारी व्यवस्थापकासमक्ष माझा पुन्हा जबाब घेणार आहेत. तरी आपल्या घराण्यात कोठेही झोप लागते, असे तू तत्काळ लिहून पाठवावेस. तू स्वतःच्या लग्नात, कानाशी बँड वाजत असताना, उभ्याने झोपला होतास. त्यावरून मी पन्नास वर्षे तुला टोचून बोललो. ते शब्द मी या पत्राने मागे घेतो. घटना मागे घेत नाही, कारण ती आता उपयोगाची आहे.

आणखी ता. क. आक्कास काहीही कळवू नये.

हजर साक्षीदार: तुझी वहिनी. मंगळवारपासून ती माझ्याशी बोललेली नाही. तिचे अक्षर बरे, म्हणून पाकिटावर पत्ता घालण्यास पत्र तिच्या हाती दिले. तिने ते सबंध वाचले. तिचा शेरा खाली तिच्याच अक्षरात आहे.

भाऊजी, सोमवारच्या आत पाठवा. नाहीतर मी स्वतः जाऊन सांगेन, हे चालता चालता झोपतात म्हणून.