मामाचा टोस्ट

सांडोर, ३ नोव्हेंबर २०२५

चि. जीनास आग्नेलमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या लग्नात टोस्ट, म्हणजे नवरानवरीच्या कौतुकाचे चार शब्द, मी म्हणेन असं कबूल केलं खरं, पण आमच्या होणाऱ्या जावयाच्या, ॲल्रॉयच्या घरी मराठी कोणालाच कळत नाही हे ध्यानातच आलं नाही. आता माघार नाही. आईबापांमागे तुला आम्ही वाढवलं, ते चार शब्द दुसऱ्याने बोललेले मला खपायचे नाहीत.

पण माझी इंग्रजी वाक्यं तोकडी होतात. जीना इज गुड. जीना इज टीचर. लांब, गुंफलेली कशी करायची? फोनवर शिकवू नकोस, तुझी ग्रेसीमामी कान टवकारून बसते आणि दिवसभर माझी नक्कल करते.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझा मामा

पुणे, ९ नोव्हेंबर

ती. मामांस जीनाचा सा. न. वि. वि.

तुम्ही मराठीत हे रोज करता. ‘काल उतरवलेली केळी’, ‘कुंपणाला टेकलेली सायकल’ यांत क्रियापदच विशेषणाचं काम करतं. इंग्रजीत त्याला पार्टिसिपल म्हणतात. बॉयलिंग वॉटर म्हणजे उकळत असलेलं पाणी, बॉइल्ड वॉटर म्हणजे उकळलेलं. त्याला आणखी शब्द जोडले की वाक्य आपोआप लांबतं. फक्त वर्णन ज्याचं त्याच्या शेजारीच ठेवा, नाहीतर तुमची केळी सायकल चालवतील! टोस्ट आधी मराठीत लिहून पाठवा.

मामीला नमस्कार. माया असू द्या.
तुमची जीना

सांडोर, २० नोव्हेंबर

चि. जीनास आशीर्वाद.

वाडीत पाणी सोडताना टोस्टची इंग्रजी वाक्यं पाठ करत होतो. मामीचा भाचा स्टीवन मागे येऊन उभा होता. हसून हसून बांधावरच बसला. म्हणाला, प्रत्येक शब्दाला ‘इंग’ लावलंय. माझा धीरच गेला, पोरी. तुझ्या सासरच्यांसमोर तुझं हसं नको. टोस्ट स्टीवनच म्हणू दे, त्याचं ऑफिस इंग्रजीतच चालतं.

तू मागितलास म्हणून मराठीतला मजकूर पाठवतो. ‘आईबापांविना वाढलेली, पण पोरकी कधीच न झालेली आमची जीना तुमच्या घरी येते आहे. तिला जपा.’ वाचून फाडून टाक.

राग धरू नकोस.
मामा

पुणे, २७ नोव्हेंबर

ती. मामांस सा. न.

फाडणार नाही, आणि टोस्टही स्टीवन म्हणणार नाही. मी ॲल्रॉयच्या आईशी बोलले. त्यांनीच सुचवलं की तुम्ही मराठीत बोलावं आणि मी शेजारी उभी राहून इंग्रजीत सांगावं. मला ते फार आवडलं.

तुमचं वाक्य काल इंग्रजीत केलं. व्याकरण चोख आहे. पण मोठ्याने म्हणायला गेले की ‘पोरकी कधीच न झालेली’ला, ‘नेव्हर ऑर्फन्ड’पाशी, माझा आवाजच फुटत नाही. तेवढे दोन शब्द तुम्हीच इंग्रजीत म्हणा, मामा. मला जमायचे नाहीत.

तुमचीच,
जीना