चारशे बारा विणकर

सोमवार, १० फेब्रुवारी

चारशे बारा! आमच्या विणकर सोसायटीच्या वेबसाइटवर चारशे बारा विणकरांची नावं आहेत. आणि तांडापेठ, नाईक तलाव, गोळीबार चौक — सगळीकडचे हातमाग मोजले तरी पावणेदोनशेच्या वर भरणार नाहीत. मग ही बाकीची माणसं कोण?

आज छापील यादी हातात आली. अठ्ठावीस पानं. पहिल्या तीन पानांतच एक बुवा तीनदा सापडला — एकदा नाव आधी, एकदा आडनाव आधी, एकदा नुसती आद्याक्षरं. पत्ता तिन्हीकडे तोच, विहिरीजवळचा. संगणकाला वाटतं तीन माणसं!

ही साइट २०१६ ची. आता नवी होते आहे, पाडव्याला सुरू करायची. बनवणारा धम्मदीप — चाळिशीचा, शांत, हिंगण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून हेच काम करतो. मीटिंगमध्ये म्हणाला, साइट मी नवी बांधतो, पण आतली माहिती आधी साफ करा. "नव्या घरात ढेकणांसकट गाद्या नेता का?" सगळे हसले. मग सेक्रेटरी महादेवराव म्हणाले, हे एवढं बसून तपासणार कोण? मी म्हटलं, मी.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. वहिनी, वाचायचं काम आहे.

म्हटलं, म्हणूनच.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

शाळा माझी दुसरीपर्यंत. अक्षरं ओळखायची, पण वाचणं जमायचं नाही. हे गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही, तेव्हा लागले वाचायला. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, बसवरची गावं. मग वाचनालय. पाच वर्षं झाली. आता पुस्तक हातात नसेल तर जेवण जात नाही.

पण यादी वाचण्यात एवढी मजा असते हे ठाऊक नव्हतं!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

धम्मदीपने पद्धत ठरवून दिली. प्रत्येक नावापुढे फोन करून किंवा घरी जाऊन विचारायचं आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द लिहायचा. सगळं बरोबर असेल तर "जुळले". चुकीचं असेल तर "दुरुस्त". एकाच माणसाची दुसरी नोंद असेल तर "काढा". आपल्या मनाचे शब्द घालायचे नाहीत.

आज पहिला "जुळले" लिहिला. संगणकावर, स्वतः. एका बोटाने पाच मिनिटं लागली. धम्मदीप म्हणाला, "काकू, तुम्ही लिहून राहिल्या तोवर मी चहा पिऊन आलो." पिऊ दे!

सोमवार, १७ फेब्रुवारी

फोनच फोन. यादीतला एक नंबर आता हुडकेश्वरच्या एका टायरवाल्याकडे आहे. मी म्हटलं, पराते विणकर का? तो म्हणाला, "मावशी, सहा वर्षं झाले, लोकं मले साड्या मागून राहिले. एका बाईनं त पदर कसा असतो ते समजावून सांगतलं." हसून हसून पोट दुखलं. नंबर दुरुस्त केला. टायरवाला म्हणाला, चला, सुटलो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

साड्यांचे फोटो पाहत होते. धम्मदीप शेजारी. तीन-चार फोटो गेल्यावर मला खटकलं. काठ नीट दिसतो, पण धागे सुटे लोंबताहेत. अरे! ही तर उलटी बाजू! साडीची पाठ वर करून फोटो काढलाय. मी म्हटलं, थांब, मागचा दाखव. तोही उलटा. एकूण सदतीस साड्या नऊ वर्षं जगाला पाठ दाखवून बसल्या आहेत!

धम्मदीपला फरक कळेना. मग मी माझी करवती साडीच घेऊन आले. टसर, काठाला करवतीसारखे दात. बोट फिरवून दाखवलं — ही सुलट, ही उलट. त्याने डोळे मिटून दोन्हीकडून बोट फिरवलं. म्हणाला, हे मला कुठल्याच कंपनीत कुणी शिकवलं नसतं.

सदतीस साड्यांचे फोटो पुन्हा निघणार!

बुधवार, २६ फेब्रुवारी

दुहेरी-तिहेरी नावं गेली. राहिले दोनशे त्रेसष्ट. त्यातले चौऱ्याऐंशी विणकाम सोडून गेलेले — कुणी कामठीला यंत्रमागावर, कुणी रिक्षा, कुणी सिक्युरिटीत. आणि एकसष्ट वारलेले.

मीच मीटिंगमध्ये म्हटलं, जो वारला त्याचं पान साइटवर कशाला? लोक फोन करतात, तो काय उचलणार आहे? सगळ्यांना पटलं. धम्मदीपने नियम लिहून घेतला — मयत असेल तर पान दिसणार नाही. नियम पुढच्या आठवड्यापासून लागू.

२०७ नंबरवर ह्यांचं नाव आहे. तो नंबर ओलांडून पुढे गेले. शेवटी करीन.

शनिवार, १ मार्च

यमुताई आली. माझ्या गल्लीतली, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. करवती विणायला आडवं सूत फिरवणारे तीन धोटे लागतात, एकट्या माणसाचे हात पुरत नाहीत. म्हणून माझ्या मागावर दुसऱ्या बाजूला ती बसते, तिच्या मागावर मी. आज मागावर बसली नाही. दारातच उभी राहिली.

"माह्या नवऱ्याले दुसऱ्यांदा काहून मारून राहिली वं, गोपिके?"

मला कळेना. मग कळलं. तिच्या नवऱ्याच्या नावापुढे मी मयत लिहिलंय. पान जाणार. त्या पानावर तिच्या साड्या आहेत, तिचा फोन आहे. त्या पानावरूनच तिला पुण्याची, बंगलोरची गिऱ्हाइकं मिळतात. नाव त्याचं, विणणारे हात हिचे. बारा वर्षांपासून.

"आता पुण्याची बाई मले कुठं शोधन?"

मी चहा केला. तिने घेतला नाही. यमुताईने चहा नाकारलेला मी पहिल्यांदा पाहिला.

रविवार, २ मार्च

एकसष्ट मयतांची यादी घेऊन पायी फिरले. चाळीस घरांत माग चालू आहे! दाराबाहेरूनच आवाज येतो. आत कुणाची बायको, कुणाची सून, एका ठिकाणी लेक. सोसायटीचं कार्ड गेलेल्याचं, नाव गेलेल्याचं. सूत त्याच नावावर येतं म्हणून कुणी नाव काढलंच नाही. आमच्यात असंच चालतं. माणूस जातो, त्याचं कार्ड जात नाही.

आणि मी बसले होते शहाण्यासारखी एक-एक नाव पुसत. चाळीस माग मी बंद केले असते.

माझा धरून चाळीस.

सोमवार, ३ मार्च

धम्मदीपला सगळं सांगितलं. त्याने यादी पुढे ओढली. मग एकदम म्हणाला, "काकू, चूक तुमची नाही. इथं एकाच रकान्यात दोन माणसं कोंबले आहेत."

सभासद वेगळा, विणकर वेगळा! ज्याच्या नावावर कार्ड तो एक, जो मागावर बसतो तो दुसरा. दोन रकाने करायचे. सभासद मयत असला तरी विणकर चालू. पान विणकराच्या नावाने.

इतकं सोपं! मी तिथेच टाळी वाजवली. ऑफिसातले पाहायला लागले.

गुरुवार, ६ मार्च

महादेवराव तयार नाहीत.

माणूस वाईट नाही. पण रजिस्टरात आहे तेच साइटवर पाहिजे म्हणतात. म्हणाले, उद्या कुणीही येईल आणि म्हणेल मी विणते. पुरावा काय? मी म्हटलं, माग पाहा. तर म्हणाले, "वहिनी, बाजूले बसून धोटा देणं म्हणजे विणणं नाही होत."

ओठांवर आलेलं मी गिळलं. खूप वर्षांची सवय आहे.

मग धम्मदीपने विचारलं, २०१६ ला ही माहिती आली कुठून? महादेवराव म्हणाले, प्रत्येकाने कागदी फॉर्म भरून दिला होता, वर माळ्यावर गठ्ठे असतील. धम्मदीप म्हणाला, मग मूळ कागद तोच पुरावा. महादेवराव हसले. "चालन. फॉर्मात जे लिहिलं असन ते मी मान्य करतो."

हसले ते एवढ्यासाठी, की फॉर्म पुरुषांनीच भरले होते.

सोमवार, १० मार्च

माळ्यावरून नऊ गठ्ठे उतरवले. धूळ, झुरळं, शिंकांवर शिंका. फॉर्मवर नंबर आहेत, तेच यादीतले नंबर. पहिला गठ्ठा सोडला. पहिलाच मयत सभासदाचा फॉर्म काढला आणि वाचला.

पहिली ओळ — सभासदाचे नाव. त्याच्या खाली, बारीक अक्षरात दुसरी ओळ — प्रत्यक्ष विणणारा!

ती ओळ होतीच! नऊ वर्षं होती! टाइप करणाऱ्याने पहिली घेतली आणि दुसरी सोडून दिली. आणि त्या दुसऱ्या ओळीत, आडव्यातिडव्या अक्षरात, एका म्हाताऱ्याने लिहिलं होतं — सून, धनश्री.

मी मोठ्याने वाचलं. धम्मदीपने खुर्ची ओढली आणि तोही गठ्ठे सोडायला बसला.

बुधवार, १९ मार्च

आठ गठ्ठे झाले. एकोणीस फॉर्मांत बाईचं नाव. नवऱ्यांनी, सासऱ्यांनी आपल्या हाताने लिहिलेलं. एकाने तर लिहिलंय — "बायको विणते, मी चहा करतो."

महादेवरावांसमोर ठेवले. त्यांनी एकोणीसच्या एकोणीस वाचले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, आम्हीच कधी दुसरी ओळ पाहिली नाही. दोन रकाने करा.

मंजूर!

मी लगेच यमुताईकडे. पण तिचा फॉर्म आधीच पाहिला होता — दुसऱ्या ओळीतही तिच्या नवऱ्याने स्वतःचंच नाव लिहिलंय. तिने माझ्या तोंडावरूनच ओळखलं. "त्यानं माह्यं नाव लिहिलं असतं त तो माहा नवरा कसला?" आणि हसायला लागली. मग मीही.

शनिवार, २२ मार्च

ज्यांच्या फॉर्मात बाईचं नाव नाही त्यांचा माग पाहायचा म्हणून महादेवराव स्वतः यमुताईच्या घरी आले. मी दुसऱ्या बाजूला बसायला गेले तर यमुताई म्हणाली, तू ऊठ, आज यांनाच धोटा देऊ दे. बाजूले बसून धोटा देणं काय असतं ते समजून जाईल! बसले बिचारे. तीन ओळींत दोनदा धोटा खाली पाडला. घामाघूम.

उठताना एवढंच म्हणाले, लिहा. अशी आणखी किती घरं आहेत? सांगितलं. उद्यापासून येतो म्हणाले.

यमुताईच्या पानापुढे लिहिलं — दुरुस्त. आज तिने दोन कप चहा घेतला.

बुधवार, २६ मार्च

सगळी घरं पाहून झाली. एकोणचाळीस पानं तयार. एक राहिलं.

मीच मागे ठेवलेला नववा गठ्ठा टेबलावर आहे. त्यात २०७ आहे. धम्मदीपने काल विचारलं, काकू, तो का नाही सोडला? म्हटलं, होईल.

इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार. २००९ ला ह्यांची पाठ गेली. मागावर अर्धा तास बसवत नसे. त्यानंतरची एकेक करवती माझ्या हातची. पण कुणी आलं की हे उठून मागावर बसायचे. मी सूत भरायच्या कांडीकडे सरकायचे. लोक म्हणायचे, ताराचंदच्या हातची करवती ओळखू येते! हे मान खाली घालायचे, बोलायचे नाहीत. एका वर्षी सोसायटीने त्यांचा सत्कार केला. शाल मिळाली. घरी आणून पेटीत ठेवली, एकदाही पांघरली नाही.

मी कधी विचारलं नाही. भांडले नाही. माणूस चांगला होता, मला फार जपलं. अजून सकाळी दोन कप चहाचं आधण ठेवते. पण एकदा, एकदा कुणासमोर म्हटलं असतं, ही विणते, तर काय बिघडलं असतं?

म्हणून गठ्ठा सोडत नाही. त्या ओळीत त्यांचंच नाव असेल, तर यमुताईसारखं हसता येणार नाही मला.

गुरुवार, २७ मार्च

सोडला नाही.

शनिवार, २९ मार्च

उद्या पाडवा. धम्मदीप म्हणाला, काकू, फक्त एक पान अडलंय.

सोडला. फॉर्म २०७. ह्यांचं अक्षर — आता वाचता येतं. सभासद: ताराचंद पौनीकर. प्रत्यक्ष विणणारा: सौ. गोपिका. किती वर्षांपासून: सात. त्याच्या शेजारी निळा अंगठा.

माझा! ओट्यावर बसून म्हणाले होते, इथं अंगठा लाव. कशाले, मी विचारलं होतं. "लाव त. कामाचं आहे."

सभासद मयत. विणकर चालू. २०७ — जुळले.