कोपऱ्यात कोण?

३ जानेवारी
आयोजकाचा फोन. एका मुलीचं मनगट मोडलंय, पिंजऱ्यातल्या लढतीत तिच्या जागी उतराल का? मी जरा आढेवेढे घेतले आणि त्याचं वाक्य संपायच्या आत हो म्हणाले. यावेळी हरलात तर पुन्हा बोलावणार नाही, असंही म्हणाला. उत्साह वाढवायची त्याची पद्धत.

४ जानेवारी
सराव सुरू. हे होते तेव्हा माझे ठोसे झेलायला पॅड धरायचे आणि तोंडाची टकळी चालू. हात वर, हनुवटी खाली, सकाळपासून काही खाल्लंस का. हे गेल्यापासून पॅड कपाटाच्या दाराला बांधते. कपाट बोलत नाही. एकाग्रता खूप वाढली आहे.

७ जानेवारी
वजन जास्त. काटा जुना झालाय. आज जेवण बंद, म्हणजे बंद.

७ जानेवारी, जेवणानंतर
सासूबाईंनी ताट वाढूनच ठेवलं होतं. आता वाढलेल्या ताटावरून उठायचं का? उद्यापासून.

१० जानेवारी
आयोजक विचारतो, कोपऱ्यात कोण? दोन फेऱ्यांच्या मधे पाणी द्यायला, चार गोष्टी सांगायला पिंजऱ्याबाहेर आपलं माणूस लागतं. नसेल तर लढत नाही. इतकी वर्षं हेच असायचे. जिमवाल्याला विचारलं. म्हणाला, वहिनी, माफ करा, मी समोरच्या पोरीच्या कोपऱ्यात आहे. बरंच झालं. मला कुणी सांगायची गरज नाही. नियमापुरतं कुणीतरी हवं, एवढंच.

११ जानेवारी
सासूबाई म्हणाल्या, मी येते. पाणीच द्यायचंय ना, जन्मभर दुसरं काय केलं? त्यांनी आजवर माझी एकही लढत पाहिलेली नाही. घरी येऊन हे सांगतील तेवढंच ऐकायच्या. हे नेहमी सांगायचे, थोडक्यात हुकलं.

१५ जानेवारी
वजन गटात बसलं. समोरची पोर जेमतेम विशीची. सासूबाईंनी तिला विचारलं, किती वाळलीस गं, घरी आई आहे ना? पोरीच्या डोळ्यांत पाणी. मानसिक दबाव पूर्णपणे आमच्या बाजूने.

१७ जानेवारी
पहिली फेरी माझीच. बराच वेळ मी खाली होते, पण वर बसून ती दमत होती. मधल्या वेळात सासूबाईंनी पाणी दिलं, नाकाचं रक्त पुसलं आणि एकच सूचना केली, घरी चल. मी म्हटलं, आता बघाच. दुसऱ्या फेरीत तिला दमवायचं काम चालू होतं, तेवढ्यात टॉवेल येऊन शेजारी पडला. पंचाने लढत थांबवली. टॉवेल टाकला की हार मानली, हे त्या बिचारीला कुठून माहीत? नाक पुसायला टाकला असणार. आयोजकाला म्हटलं, वयस्कर माणूस, चूक झाली, लढत पुन्हा घ्या. तो सासूबाईंकडे बघायला लागला. त्या म्हणाल्या, चूक नाही, मी थांबवलं. आयोजक मान हलवून निघून गेला.

१८ जानेवारी
अबोला धरायचा ठरवलं होतं. चहापर्यंत टिकला. विचारलं, टॉवेलचं तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाल्या, त्यानेच, दवाखान्यात. आई, मला कधी जमलं नाही, म्हणाला. दर वेळी हातात घ्यायचो आणि तिचं तोंड बघून परत खांद्यावर टाकायचो.

यांच्या खांद्यावर कायम टॉवेल असायचा, हे खरं. मला वाटायचं, यांना घाम फार येतो.