डाग कुणाचा?

तीर्थरूप ताईस,

शिवणयंत्रावरून न उठता केलेला साष्टांग नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, दाजींची कंबरही सरळ झाली असेल. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आजारी आहे तो फक्त बाबांचा सूक्ष्मदर्शक. त्याच्या शुश्रूषेत मी हल्ली दुकानाकडे बघितलेलं नाही (गिऱ्हाइकांनीही मग दुकानाकडे बघणं सोडलं आहे).

मागच्या खेपेला तू बाबांच्या डोळ्यात बॅटरी मारून 'मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन दुसऱ्या कुणाकडून करून घ्या' म्हणालीस. ज्यांनी जन्मभर दवाखान्यात बसून लोकांच्या रक्ताची निदानं केली, त्यांना स्वतःचं निदान डोळ्यांची डॉक्टर झालेल्या पोटच्या पोरीकडून ऐकणं सोसलं नाही. तेव्हापासून तुमचा अबोला आणि तेव्हापासूनच सूक्ष्मदर्शकात धुकं. डोळा ठणठणीत आहे, यंत्र मळलंय, हा बाबांचा निकाल. (कुसळ-मुसळाची म्हण अगदी ओठांवर आली होती. गिळली.)

मग सुईच्या नाकापलीकडे काही न पाहिलेला मी ते साफ करायला बसलो. उजेड बुडाच्या आरशावरून वर जातो, म्हणून आधी आरसा पुसला. धुकं तसंच. मग वरचा मंच पुसला, म्हणजे काचपट्टी चिमट्यांत धरून ठेवतात तो ओटा. तसंच. याला संयुक्त का म्हणतात तेही बाबांनी समजावलं: खालचं भिंग वस्तू मोठी करतं आणि वरचं भिंग त्या मोठ्या केलेल्याला आणखी मोठं करतं. (आपल्या घरात हे काम तुझी भावजय आणि आत्या मिळून करतात, तेही उजेडाशिवाय.) दोन्ही भिंगं मऊ कापडाने पुसली. जागेवर बसवल्यावर मोठं चाक जरा जोरात फिरवलं, तर नळी भसकन खाली आली आणि काचपट्टीचा चुरा झाला. भिंगावर ओरखडाही नाही, पण बाबा दिवसभर मला 'अहो' म्हणत होते.

काल सकाळी त्यांनी काम स्वतःच्या हाती घेतलं. धुक्याचा डाग कुठे आहे ते ओळखायची त्यांची जुनी रीत आहे. एकेक भाग हलवायचा, आणि ज्याच्याबरोबर डाग हलेल त्याचा तो डाग. काचपट्टी सरकवली, डाग जागीच. वरचं भिंग गोल फिरवलं, डाग जागीच. खालचं बदलून दुसरं आणलं, आरसा कलता केला, तरी तो आपला ढिम्म. मी म्हटलं, आता हलवायला काही राहिलं नाही.

"एक राहिलंय," बाबा म्हणाले आणि नळीवरून डोळा न काढता त्यांनी मान हळूच कलती केली.

मग दुसऱ्या बाजूलाही कलवली. मग सरळ बसले आणि म्हणाले, "यंत्र स्वच्छ आहे. झाकून ठेव." ताई, मला फार वाईट वाटलं. ते चुकले असते तर मी निदान वाद तरी घातला असता. मी झाकण घातलं आणि उगाच पुन्हा पुसलं.

बाकी सर्व ठीक.

तुझा (तुला सोयीचं असेल तेव्हा) आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. यंत्र स्वच्छ निघाल्यामुळे तू येण्याची मुळीच गरज नाही, असं लिहायला बाबांनी सांगितलं. लिहिलं.

आणखी ता. क. ते आता फिरायला गेलेत, म्हणून खरं लिहितो. पहिल्या गाडीने ये. ऑपरेशनला तयार आहेत, पण परक्या डॉक्टरला डोळा द्यायचा नाही म्हणतात. आपल्याच बापावर हत्यार चालवताना हात थरथरेल म्हणून तू मागे सरलीस, हे मी त्यांना सांगून टाकलं. (तुझं बिंग फोडलं. भिंग फोडण्यापेक्षा बरं.) ऐकून म्हणाले, "तिला कळव, तिचा हात थरथरला तरी चालेल. मी हलणार नाही."