सासूबाईंच्या टीव्हीवर वाळलेली इस्क्रा

सोफिया,
पेत्कोव्देनचा सण उलटल्यावर

सकलकलानिपुण साडूभाऊ कालोयान यांस रादोस्लावचा (दातओठ न खाता) सप्रेम नमस्कार.

प्रकृती उत्तम असणारच. ज्यांची डीव्हीडी सासूबाई दर पाहुण्यासमोर लावतात, त्यांना कसला आजार शिवतो? मी विद्यापीठात संस्कृत शिकवताना षड्रिपू समजावतो; पण मत्सर म्हणजे नेमकं काय, ते तुमच्या ओग्न्यानचं शिकागोतलं गाणं त्रोयान गावी सासूबाईंच्या त्या जुन्या चौकोनी टीव्हीवर पाहताना कळलं. (पोरगा बेसूर गातो. चित्र मात्र स्वच्छ, हे मान्य.)

म्हणून यंदा पेत्कोव्देनला, म्हणजे सासूबाईंच्या नावाच्या संताच्या सणाला, त्यांच्या नामदिनासाठी मीही आमच्या लेकीचा, इस्क्राचा, लिस्बनमधला नाच इंटरनेटवरून उतरवून घेतला. डीव्हीडीचं सातशेवीस बाय पाचशे शहात्तर हे माप तर मी पाठच केलं होतं. पुढे कॉम्प्युटरने विचारलं, चित्र रुंद ठेवायचं की चौकोनी? टीव्ही चौकोनी, म्हणून चित्रही चौकोनी, असा निर्दोष तर्क मी लढवला. (अशाच तर्कांवर माझे विद्यार्थी नापास होतात.)

नामदिनाला कुणी आमंत्रणाची वाट पाहत नाही, त्यामुळे अर्धी गल्ली घरात. मी डीव्हीडी लावली. सगळ्या मुली सुरूच्या झाडांसारख्या उभट, आणि त्यांत आमची इस्क्रा म्हणजे निव्वळ सुतळी! सासूबाईंच्या हातातला राकियाचा पेला ओठाशीच थांबला. "अगं माझ्या बाळा, काय गं ही दशा!" शेजारच्या स्तोयांकामावशी म्हणाल्या, "काय हो जावईबापू, पोरीला जेवायला काही पाठवता, की नुसते श्लोकच?" पोर धडधाकट आहे, चित्र चेपलंय, असं मी सांगून पाहिलं. "चित्र कसं चेपेल?" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "याच टीव्हीवर कालोयानचा ओग्न्यान बघ कसा गुटगुटीत दिसतो!" आणि खातरजमेसाठी लगेच तुमची डीव्हीडी लागली. साडूभाऊ, ती मी शेवटपर्यंत ऐकली. टाळ्याही वाजवल्या.

तेव्हा रुंद चित्र न चेपता, वरखाली काळ्या पट्ट्या सोडून कसं बसवायचं, ते कृपा करून कळवा. माझी अब्रू त्या पट्ट्यांवर अवलंबून आहे.

आपला (नाइलाजाने) गुणग्राहक,
रादोस्लाव

ता. क. आताच बसस्थानकावर जाऊन त्रोयानच्या ड्रायव्हरकडून सासूबाईंची खोकी उतरवून घेतली. भाजलेल्या मिरच्या, ल्युतेनित्साची लाल चटणी, आलुबुखाराचा मुरंबा; एरवी तुमच्याकडे जाते ती हिवाळ्याची सगळी बेगमी. "वाळलेल्या पोरीसाठी," असा निरोप. (लिस्बनपर्यंत काचेच्या बरण्या पाठवणं अवघड, तो भार आम्हीच उचलू.)

ता. क. २. पट्ट्यांचं राहू द्या. नाताळला याल तेव्हा ओग्न्यानला तेवढा आणखी थोडा रुंद करून आणाल का?