खिळ्यावरचा बंद

प्रिय धाकटे,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, आईचं काही बरंवाईट झालं की काय. तसं काही नाही. आई ठणठणीत आहे. गुडघे तेवढे कुरकुरतात, पण जीभ पूर्वीसारखीच चालते. मी जेवायच्या सुट्टीत दुकानातच लिहायला बसले आहे, कापायच्या टेबलावर. मास्तरीणबाई दुकान माझ्यावर सोडून आत आडव्या झाल्यात. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच हसतेस, आणि मग मला जे बोलायचं असतं ते मी गिळून टाकते. नऊ वर्षं गिळते आहे.

लहानपणी तू मला जळकी काडी म्हणायचीस, आठवतं? आई तुझ्या वेण्या आधी घालायची म्हणून मी तुझी रिबीन खिडकीतून खाली टाकली होती, तेव्हापासून. सगळे हसायचे, मीही हसायचे. पण तू नाव अगदी चपखल ठेवलं होतंस, बयो.

या दुकानात तुला मीच आणलं. हिला घरी बसून कंटाळा येतो, हिचे हात रिकामे नकोत, असं मीच बाईंना म्हणाले. मनात असं होतं की तू काज-बटणं करशील, हुक लावशील आणि ताईचं काम बघून तोंडात बोट घालशील. कारण बारीक बंद म्हणजे मी, हे तोवर ठरलेलंच होतं. आरशाशेजारच्या खिळ्याला माझ्या हातचा एक बंद कायम लटकलेला असायचा. कुणी खांद्याला नुसते दोन बंद असलेला फ्रॉक शिवून घ्यायला आली की बाई तो बोटावर घेऊन दाखवायच्या, आमच्याकडे इतका बारीक होतो म्हणून. त्या वेळी मी मान खाली घालून मशीन चालवायचे, पण कान सगळे तिकडे असायचे.

तुला शिकवलंही मीच. तिरक्या कापडाची पट्टी काढायची, सुलट बाजू आत घेऊन दुमडायची, कडेने शिवत जायचं, शेवटाला शिवण जरा बाहेर काढून नरसाळ्यासारखं तोंड ठेवायचं. दोऱ्याचं शेपूट लांब सोडायचं, ते बोथट सुईत ओवायचं, सुई नेढ्याच्या बाजूने नळीत सरकवायची आणि पलीकडून हळूहळू ओढायचं. पहिल्या दिवशी तुझी सुई आतच अडकली आणि तू पट्टी दातात धरून ओढलीस. मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू! घरी जाऊन मी आईला ते दोनदा सांगितलं.

पंधरा दिवसही झाले नसतील, तुझ्या हातून बंद मोजा उलटावा तसे सुलट व्हायला लागले. दिव्याच्या वातीएवढे बारीक, कुठे पीळ नाही, कुठे गाठ नाही. एका सकाळी मी आले तर खिळ्यावर तुझा बंद. माझा बाईंनी काढून चिंध्यांच्या टोपलीत टाकला होता. टाकला म्हणजे काही रागाने नाही, जुना झाला म्हणून. तुझं लक्षसुद्धा नव्हतं, तू खिडकीजवळच्या माझ्या स्टुलावर बसून चहा पीत होतीस. घरी गेल्यावर आई म्हणाली, धाकटीचा हातच हलका, तिला शिकवावं लागत नाही. शिकवावं लागत नाही! मग मी काय पंधरा दिवस माश्या मारत होते? त्या दिवशी मी जेवले नाही, आणि डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. डोकंबिकं काही दुखत नव्हतं.

आता मुख्य गोष्ट लिहिते.

नाच शिकवणाऱ्या बाईंकडून सात फ्रॉकांचं काम आलं तेव्हा मास्तरीणबाईंनी बंद तुझ्याकडे दिले आणि मला झालरी. तू माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिलीस. मी कुठल्याशा गिऱ्हाइकाचा बंद शिवत होते. तू थोडा वेळ बघितलंस आणि विचारलंस, "ताई, तू शिवताना पट्टी दोन्हीकडून ओढून का धरतेस?"

मी म्हणाले, "काही नाही गं, सवय आहे माझी."

एवढंच म्हणाले मी. तू मान डोलवून गेलीस. तू माझा शब्द कधी खाली पडू दिला नाहीस, तसा तोही नाही पडू दिलास.

ती सवय नव्हती, धाकटे. तिरकं कापड ओढलं की लांबतं, दोरा लांबत नाही. म्हणून शिवतानाच पट्टी जराशी ताणून धरायची, म्हणजे दोऱ्याला आत थोडी ढील राहते. तसं केलं नाही तर बंद दिसायला झकास होतो, हँगरवर महिनाभर टांगला तरी त्याला काही होत नाही. अंगावर चढला, हात वर गेला, की शिवण तटातट सुटते. हे मला माहीत होतं. मला वाटलं होतं, एखाददुसरा उसवेल, बाई तुला जरा बोलतील, खिळ्यावर पुन्हा माझा बंद येईल. इतकंच हवं होतं मला.

पुढचं तू पाहिलंस. नाचाच्या कार्यक्रमाला तिसऱ्या रांगेत आईच्या आणि माझ्या मधे बसली होतीस तू. मुलींनी एकदम हात वर केले आणि एकीचा बंद उसवून खांद्यावरून घसरला, मग दुसरीचा, मग आणखी दोघींचा. ती सगळ्यात लहान मुलगी एका हाताने फ्रॉक छातीशी धरून दुसऱ्या हाताने शेवटपर्यंत नाचली. लोक हसले. तू माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतंस की तुझी नखं उमटली. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तेवढंसुद्धा आलं मला.

दुसऱ्या दिवशी नाचाच्या बाई तोंडाला येईल ते बोलून गेल्या. मास्तरीणबाईंनी विचारायच्या आत तू म्हणालीस, बंद माझे आहेत. आठवडाभराने तू येणंच बंद केलंस. लग्न झालं, गाव सुटलं. आता तू पिशव्यांच्या कारखान्यात जाडजाड पट्टे शिवतेस आणि फोनवर म्हणतेस, ताई, मला जाडंच बरं, बारीक काम माझ्या हाताला नाही. दर वेळी म्हणतेस. आणि मी दर वेळी म्हणते, अगं, प्रत्येकाचा हात वेगळा.

खिळ्यावर माझा बंद परत आला, हेही सांगून टाकते. नऊ वर्षं आहे. मी त्याच्याकडे बघत नाही.

मागच्या महिन्यात नाचाच्या बाई आल्या होत्या. पार थकल्यात. सोबत त्या सातांतला एक जुना फ्रॉक आणला होता. म्हणाल्या, असे बंद पुन्हा कुणी करून दिले नाहीत, ती पोरगी आहे का अजून? इतकं होऊनही ती पोरगी! मी समोर बसले होते, केस पांढरे व्हायला लागलेत माझे या दुकानात, आणि तरी ती पोरगी. मास्तरीणबाईंनी भिंग लावून शिवण पाहिली. त्यांचे डोळे आता अधू झालेत. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाल्या, हात सोन्याचा होता, ताण तेवढा दिला नाही. मग मला म्हणाल्या, मीच शेजारी बसून शिकवायला हवं होतं, माझीच चूक झाली, पोरीला उगाच घालवलं. आणि मी ती चूक त्यांना घेऊ दिली. झालर टाचत बसले.

दोन दिवसांनी त्यांनी सांगितलं की दुकान आता त्यांच्याने होत नाही, ते तुला द्यायचं त्यांच्या मनात आहे, तर मी तुला पत्र घालावं. मला म्हणाल्या, तू हिशोबी, नेटकी, पण नजर तिची. धाकटे, मी जळले गं. पुन्हा तशीच. बारा दिवस बाई विचारत होत्या आणि मी टाकलं, टाकलं म्हणत होते. दोनदा लिहिलंही होतं. बाईंनी विचारलंय, पण संसार सोडून तुला काही जमायचं नाही, मी समजावून सांगते त्यांना, असं. पाकीटसुद्धा चिकटवलं होतं. मग परवा तुझा फोन आला आणि तू सांगितलंस की लेक शाळेच्या नाचात आहे, तिच्या फ्रॉकला बारीक बंद हवेत, तू विकतचेच आणणार आहेस. वातीएवढे बारीक बंद करणारी तू, पोटच्या पोरीला विकतचे बंद! मी ते पाकीट फाडलं.

आज सकाळी मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मला काय सांगतेस, तिला लिही." म्हणून हे लिहिलं. विकतचे बंद आणू नकोस. पट्टी काढ, दोन्ही हातांनी हलकेच ताणून धर, आणि शीव. लेकीला अंगात घालायला लाव आणि दोन्ही हात वर करायला सांग. बंद टिकतील, मी शब्द देते, जरी माझ्या शब्दावर तू आता कशाला विश्वास ठेवशील. मग वाटलं तर इकडे ये, दुकान बघ, माझ्याशी बोलू नकोस हवं तर. खिळा मी आत्ताच रिकामा केला आहे. तुझा बंद तिथे लागेल तेव्हा मी जळणारच आहे, ते काही सुटायचं नाही, आधीच सांगून ठेवते. पण या खेपेला शिकवताना काही लपवणार नाही. आणि खिडकीजवळचं स्टूलही तूच घे.

तुझीच,
जळकी काडी